धुकं उठण्याआधी

निसर्गचित्रकाराला सगळ्यात चांगला उजेड मिळतो तो सकाळी साडेसहा ते आठ. घरातल्या बाईचा पाय स्वयंपाकघरातून निघत नाही तो वेळही हाच. म्हणून मी भाजी रात्रीच चिरून ठेवते, पहाटे डबे भरते आणि शिरोळहून नरसोबाच्या वाडीला निघते. थंडीत घाटावर बसलं की नदीपलीकडचा औरवाडचा काठ धुक्यात असतो. ते धुकं उठलं की चित्रातला जीव गेला.

कागद 300 जीएसएमचा, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बोर्डावर बसवलेला. बोर्ड माझ्याकडे किंचित उतरता. पेन्सिलीने क्षितिज, पायऱ्यांचा उतार आणि सावल्या एवढंच आखते. सावल्या आधी, कारण त्या थांबत नाहीत. मग रुंद ब्रशने कागद भिजवून वरून खाली एकच वॉश: अगदी पातळ यलो ऑकर, त्याच ओलीत कोबाल्ट ब्लू. कागदावरची चकाकी विझते पण ओल राहते, तेव्हा पलीकडची झाडी टेकवायची. तिची कड आपोआप विरत जाते. घाई केली तर रंग फुटून पसरतो, उशीर झाला तर झाडं कात्रीने कापल्यासारखी दिसतात. ही ओल मी बोटाच्या पाठीने जोखते. एप्रिलमध्ये ती क्षणात उडते, पावसाळ्यात हटता हटत नाही.

काळा दगड काळ्या रंगाने रंगवला की मरतो, हे मला खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराने शिकवलं. स्वर्गमंडपाच्या उघड्या गोल छतातून ऊन उतरतं तेव्हा त्या दगडात निळं दिसतं, तपकिरी दिसतं. म्हणून अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना, तेही पॅलेटवर पूर्ण न मिसळता.

घाटावर पाठ भिंतीला लागेल अशी जागा मी आधी बघते. तरी माणसं जमतातच. ‘केवढ्याला देणार ताई?’ याचं उत्तर सोपं. ‘कुणाच्या तुम्ही?’ हा प्रश्न मात्र पुरुष चित्रकाराला विचारलेला मी ऐकलेला नाही. फुलं विकणाऱ्या मावशी टोपली सरकवून जागा करून देतात, त्या दिवशी हात मोकळा चालतो.

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहून तोच तलाव पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. ते 1931 साली गेले. त्याच वर्षी, मूळ कोल्हापूरच्या महादेव विश्वनाथ धुरंधरांची मुलगी अंबिका मुंबईच्या जे. जे. स्कूलची पदविका घेऊन बाहेर पडली. तिच्या पाठीशी चित्रकार वडील होते. आबालालांसारखं काठावर तासन्‌तास बसून राहणं किती जणींच्या वाट्याला आलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरात उसाला तुरे येतात. ते रंगवायचे नसतात. कोरड्या ब्रशने भोवतालचं आभाळ ओढत नेऊन कागद पांढरा सोडायचा. श्रावणात नदीच ऑकर होते. पुराचं पाणी वाडीच्या दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, आणि दक्षिणद्वाराच्या त्या स्नानासाठी लोक लोटतात. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये तेच पाणी शिरोळ तालुक्यातल्या घराघरांत शिरलं. ओसरल्यावर भिंतींवर गाळाची रेघ उरली. ती मी चित्रात ठेवते. रेघ काढून टाका, चित्र पटकन विकलं जाईल, असं घेणारे सांगतात. मी ती काढत नाही.