प्रकल्प संपला, पण जाळ्यात काय गावलां?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. अडखळणं काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



मागच्या महिन्यात मालवणहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. त्याचे काका मासेमारी करतात. जेवताना विषय निघाला की आपल्या किनाऱ्यावर परदेशी पैशातून पर्यावरणाचा एक मोठा प्रकल्प झाला, त्याचं काय झालं? पुतण्या म्हणाला, "खूप काम झालं हो." काका एवढंच म्हणाले, "प्रकल्प येतत नी जातत. आमच्या जाळ्यात काय गावलां, तां सांग." पुतण्याला उत्तर देता आलं नाही, म्हणून त्याने तो प्रश्न आपल्याकडे ढकलला.

प्रश्न फार चांगला आहे. अशा प्रकल्पाचं यश-अपयश ठरवतात कसं, हेच आज बघू.

आधी प्रकल्प कोणता ते

या प्रकल्पाला लोक नुसतं 'सिंधुदुर्ग प्रकल्प' किंवा 'यूएनडीपीचा प्रकल्प' म्हणतात. पैसा आला ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटीकडून, म्हणजे जीईएफकडून. ही जगभरातल्या पर्यावरणाच्या कामांना निधी देणारी संस्था. अनुदान होतं सुमारे ३४ लाख डॉलर. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम म्हणजे यूएनडीपी मध्ये होता आणि जमिनीवरचं काम राज्याच्या वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे होतं. हा कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला. प्रकल्प साधारण त्याच सुमारास हलायला लागला आणि २०१७ च्या आसपास आटोपला.

आता थोडं मागे जाऊ. १९८७ मध्ये मालवणच्या समुद्रात सुमारे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला. कारण सरळ आहे. 'अभयारण्य' म्हटलं की माणसाला पहिलं ऐकू येतं ते 'मासेमारी बंद'. किनाऱ्यावरचा तो अविश्वास पुढे कित्येक वर्षं गेला नाही.

म्हणून या प्रकल्पाने वेगळा रस्ता धरला. कुंपण घालण्याऐवजी जे धंदे समुद्रावर चालतात त्यांच्यातच बदल करायचा. ट्रॉलरवाल्यांसाठी चौकोनी आसाची जाळी. खाडीकाठच्या बचत गटांसाठी खेकडापालन, कालवं-शिंपल्यांची शेती, कांदळवनातलं पर्यटन. शेतकऱ्यांसाठी श्री पद्धतीची भातशेती. समुद्राच्या प्रकल्पात भात कुठून आला, असं वाटेल. शेतात टाकलेलं जास्तीचं खत पावसाबरोबर ओहोळातून खाडीत उतरतं, म्हणून.

पहिला प्रश्न: आकडा नक्की कशाचा?

अशा प्रकल्पांच्या बातम्यांमध्ये आकडे असतात. इतकी जाळी वाटली, इतक्या गटांना प्रशिक्षण दिलं. हे आकडे खोटे नसतात. पण ते 'आम्ही काय केलं' याचे आकडे असतात. त्याने 'काय बदललं' हे कळत नाही.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. मी या महिन्यात कोडच्या दहा हजार ओळी लिहिल्या, असं मी मॅनेजरला सांगू शकतो. त्यावरून अ‍ॅप क्रॅश व्हायचं थांबलं का, हे कळेल का? नाही ना.

जाळ्याचंच घ्या. तीन पायऱ्या आहेत. जाळी वाटली, ही पहिली. पुढच्या हंगामात ती खरंच बोटीवर चढली का, की घरामागे माडाखाली पडून राहिली, ही दुसरी. आणि समुद्रात लहान मासळी वाचून मोठी व्हायला लागली का, ही तिसरी. पहिली पायरी पावत्या मोजून कळते. दुसरीसाठी बंदरावर जाऊन जाळी बघावी लागतात. तिसरीसाठी वर्षानुवर्षं मासळी मोजावी लागते. पायरी जितकी वरची तितकी मोजायला अवघड, म्हणून अहवालांमध्ये खालच्या पायरीची गर्दी असते. काकांचा प्रश्न मात्र थेट तिसऱ्या पायरीचा आहे.

दुसरा प्रश्न: सुरुवातीला काय होतं?

वजन कमी झालं म्हणायचं तर आधीचं वजन माहीत हवं. प्रकल्पाच्या भाषेत याला बेसलाइन म्हणतात. समुद्रात हीच मोठी अडचण असते.

२०१५ मध्ये देवगडजवळ कुणकेश्वरच्या समोरच्या समुद्रात अभ्यासकांना ब्लू व्हेल दिसले. बातमी सगळीकडे झाली. ते अभ्यासक त्या किनाऱ्यावर डॉल्फिन आणि देवमाशांच्या नोंदी घेत होते. आता कोणी म्हणालं की बघा, संवर्धन झालं आणि ब्लू व्हेल आले, तर ते पटेल का? देवमासे आधीही जात-येत असतील. होडी घेऊन, दुर्बीण लावून, रोज नोंद करणारं कोणी नव्हतं. वाढली ती आपली माहिती. तीही मोलाची आहे, कारण पुढच्या माणसाला बेसलाइन मिळाली. पण तिला 'देवमासे वाढले' म्हणता येणार नाही.

तिसरा प्रश्न: श्रेय कोणाचं?

इथे सगळे फसतात. नीट ऐका.

केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात २०१८ मध्ये सुमारे २.९५ लाख टन मासळी उतरली. २०१९ मध्ये ती २.०१ लाख टनांवर आली, म्हणजे ४५ वर्षांतला नीचांक. एका वर्षात जवळपास एक तृतीयांश मासळी कमी. याचा दोष कोणत्या प्रकल्पाला द्यायचा? त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळं आली, ऐन हंगामात होड्या कित्येक दिवस बंदरातच राहिल्या. तेव्हा नुसतं 'आधी इतकी, नंतर इतकी' म्हणून भागत नाही. वादळ प्रकल्पाचा अहवाल वाचून येत नाही.

उलट बाजूने बघा. वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्रातलं कांदळवन २०१५ मध्ये २२२ चौरस किलोमीटर होतं, २०१७ मध्ये ३०४. दोन वर्षांत ८२ ने वाढ! टाळ्या वाजवायच्या आधी विचार करा. तिवराचं झाड इतक्या पटकन वाढतं का? त्यात नवी लागवड किती, आपोआप उगवलेलं किती आणि उपग्रहाच्या चित्रांतून आधीपेक्षा बारकाईने दिसलेलं किती? शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच कांदळवन तोडायला बंदी घातली होती, म्हणजे कुठलाही प्रकल्प यायच्या कितीतरी आधी. आणि हा आकडा अख्ख्या राज्याचा आहे, एकट्या सिंधुदुर्गाचा नाही.

त्यात ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले, सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा. मालवणात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातला वाद किती पेटला होता ते तिथल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. समजा त्यानंतर रापणीला बांगडा बरा लागला, तर ते चौकोनी आसाने झालं, निर्बंधाने झालं, की त्या वर्षी पाणीच तसं होतं?

मग काहीच सिद्ध करता येत नाही का? येतं. प्रश्न लहान करायचा. नेहमीचा आस शंकरपाळीसारखा असतो. जाळं ओढलं की ताणाने तो मिटतो आणि बारकी पिल्लं आत अडकतात. चौकोनी आस ताणातही उघडा राहतो, ४० मिलिमीटरच्या आसातून पिल्लू निसटतं. हे तपासायला मासळीच्या टोकाच्या पिशवीवर बाहेरून बारीक आसाची दुसरी पिशवी बांधतात. निसटलेलं सगळं तिच्यात सापडतं. आत किती, बाहेर किती, ते मोजायचं. इथे वादळ, पाऊस, पर्ससीन काही मध्ये येत नाही, कारण दोन्ही पिशव्या एकाच बोटीवर, एकाच पाण्यात असतात. एवढ्यावरून 'समुद्रात मासे वाढले' म्हणता येत नाही. पण 'हे जाळं पिल्लं सोडतं' हे ठामपणे म्हणता येतं.

चौथा प्रश्न: पैसे थांबल्यावर काय उरलं?

जीईएफच्या मोठ्या प्रकल्पांचं शेवटी मूल्यमापन होतं. प्रकल्पाच्या आखणीत किंवा कामात नसलेली माणसं ते करतात. निकालासाठी सहा पायऱ्यांची श्रेणी असते, 'अत्यंत समाधानकारक' पासून 'अत्यंत असमाधानकारक' पर्यंत. टिकाऊपणाला वेगळी, चार पायऱ्यांची श्रेणी. तो चार बाजूंनी बघतात: पैसा, समाज, संस्था आणि निसर्ग. यातला नियम मला फार आवडतो. चारपैकी सर्वांत कमी श्रेणी ज्या बाजूला, तिच्या वर एकूण श्रेणी जाऊच शकत नाही. दहावीसारखं आहे. बाकी विषयांत नव्वद पडले म्हणून गणितातले वीस झाकले जात नाहीत.

या कसोटीवर काही गोष्टी दिसतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. प्रकल्पाचा कालावधी संपल्यावरही ती चालू राहिली, कारण तिकिटाचे पैसे पर्यटक देतो, जीईएफ नाही. दुसरं म्हणजे २०१७ मध्ये राज्य सरकारने कांदळवन संरक्षण आणि उपजीविका योजना आणली. खेकडापालन, कालवंपालन अशा कामांना गटांसाठी ९० टक्के आणि एकट्यादुकट्यासाठी ७५ टक्के अनुदान. सिंधुदुर्गात करून बघितलेल्या गोष्टी अशा राज्याच्या योजनेत शिरल्या. पण यातही एक पाचर आहे. ९० टक्के अनुदानावर चाललेला खेकड्याचा तलाव अनुदानाशिवाय दुसरी खेप काढतो का? टिकाऊपणाची परीक्षा त्या दुसऱ्या खेपेत आहे.

आणि जाळं? तिथे गणित कच्चं आहे. चौकोनी आस लावला की आज हातातली बारकी मासळी जाते, म्हणजे आजचे पैसे जातात. वाचलेलं पिल्लू मोठं होऊन उद्या कोणाच्या जाळ्यात जाईल? शेजारच्या बोटीच्याही. एकट्याने नियम पाळला तर तोटा त्याचा आणि फायदा सगळ्यांचा. फुकट जाळं देऊन हे सुटत नाही. सगळ्यांना एकच नियम आणि बंदरावर तपासणी लागते. ते काम कुठल्याही पाच वर्षांच्या प्रकल्पाच्या हातात नसतं, ते सरकारच्या आणि मच्छीमार सोसायट्यांच्या हातात असतं.

मग काकांना काय सांगायचं?

मी पुतण्याला हे लिहून पाठवलं: काकांना सांग, पिल्लं सोडणारं जाळं आहे, ते चालतं. तुमच्या जाळ्यातली मासळी प्रकल्पामुळे वाढली, असं कोणी सांगितलं तर आधी विचारा, वादळ आणि पर्ससीन वजा केलंत का. आणि प्रकल्प येतात-जातात हे खरं असलं, तरी वेंगुर्ल्याची होडी गेली नाही. ती का गेली नाही, ते बघण्यासारखं आहे.

हे सगळं आज का? कारण पुढचा पैसा आलेला आहे. २०१८ मध्ये ग्रीन क्लायमेट फंडाने आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर केले आणि त्यात सिंधुदुर्ग आहे. आधीच्या प्रकल्पापेक्षा हा कितीतरी मोठा. यूएनडीपीचे मूल्यमापन अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात, मोबाईलवरसुद्धा. गावात बैठक झाली की चारच प्रश्न विचारा. हा आकडा कशाचा? आधी किती होतं? दुसरं कुठलं कारण असू शकतं? पैसे थांबल्यावर हे कोण चालवणार? चौथ्याचं उत्तर नावासकट मिळालं नाही, तर पुन्हा विचारा.

तुमच्या किनाऱ्यावर, गावात, डोंगरात असा कुठला प्रकल्प येऊन गेला असेल तर व्हॉइस नोट पाठवा. काय आलं त्यापेक्षा काय उरलं ते सांगा. पुढच्या भागात भेटू. येवा!