कॉम्प्युटर का किरकिरतो? कॉइल व्हाइनचा शोध आणि उपाय

मागच्या वेळी आपण शब्दप्रमाणापाशी थांबलो होतो. आज अनुपलब्धी घ्यायची असं ठरलं होतं. घेणार आहे, पण जरा कॉम्प्युटरच्या वाटेनं जाऊ. कारण सांगतो. अनुपलब्धी मी आयुष्यभर वर्गात शिकवली आणि ती घरात वापरायची वेळ आली तेव्हा सपशेल चुकलो.

माझी नात अॅनिमेशन शिकते. दिवाळीनंतर तिच्यासाठी नवा डेस्कटॉप जुळवून घेतला. आठवड्याभरात तिची तक्रार सुरू झाली. "आजोबा, हा किरकिरतो. बारीक शिट्टीसारखं काहीतरी सतत वाजतं. डोकं उठतं माझं." मी तिच्या खोलीत गेलो, वाकून कान लावला. पंख्याची घरघर सोडून काही नाही. मी म्हटलं, "काही नाही गं, मनाचे खेळ आहेत. दिवसभर काम करतेस, झोप कमी होते." दुकानदारानंही भर रस्त्यावरच्या दुकानात मशीन लावून सांगितलं, "कुठे काय आवाज येतोय मॅडम?" झालं. दोन वडीलधाऱ्या माणसांनी निकाल दिला. पोरगी दिवसभर हेडफोन लावून काम करायला लागली, रेंडर चालू असेल त्या रात्री हॉलमध्ये झोपायला लागली. बोलणं मात्र बंद केलं तिनं त्या विषयावर.

तीन आठवड्यांनी तिनं एका रात्री मोबाइल माझ्यासमोर धरला. आवाजाचा आलेख काढणारं अॅप होतं. कॉम्प्युटरचं काम सुरू केलं की नऊ हजार हर्ट्झच्या आसपास एक सुळका उभा राहायचा, काम थांबवलं की खाली बसायचा. ती काही म्हणाली नाही. मीही नाही.

आता पाहा, भाट्ट मीमांसक अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानतात. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण त्यांनी तिला एक अट घातली आहे, ती म्हणजे योग्यता. घडा असता तर मला दिसला असता, एवढं आधी पक्कं पाहिजे. अंधारात घडा दिसला नाही, तर त्यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही. माझा ७४ वर्षांचा कान हा या बाबतीत अंधारच. वय वाढतं तसे वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. माणसाचं ऐकणं साधारण २० ते २०,००० हर्ट्झ म्हणतात, ते तरुण कानाचं.

आणि गंमत म्हणजे मला हे स्वतःच्या अनुभवातून ठाऊक असायला हवं होतं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ मध्ये. तेव्हाच्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्र ६२५ ओळींचं, सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार करा, १५,६२५. तेवढ्या वेळा सेकंदाला आतला ट्रान्सफॉर्मर थरथरायचा. शेजाऱ्यांनी आवाज बंद ठेवून टीव्ही लावला तरी मला जिन्यात कळायचं. वडील म्हणायचे, "काहीतरीच सांगतोस." म्हणजे पन्नास वर्षांनी मी वडिलांच्या खुर्चीत बसलो होतो!

असो. हा आवाज येतो कुठून? कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून १२ व्होल्ट निघतात. पण ग्राफिक्स कार्डातल्या चिपला लागतो जेमतेम एक व्होल्ट, आणि करंट मात्र शंभर-दोनशे अँपिअर. हा उतारा करायला कार्डावर चौकोनी ठोकळ्यासारख्या कॉइल असतात, तांब्याची तार आणि गाभा मिळून बनलेल्या. त्यांतून जाणारा प्रवाह सेकंदाला काही लाख वेळा वरखाली होतो. प्रवाह बदलला की चुंबकीय क्षेत्र बदलतं, तारेवर ओढ बसते, तार हलते. शिवाय चुंबकत्वानं गाभ्याचा आकारही किंचित बदलतो. हे जूलनं १८४२ मध्ये दाखवलं होतं. कोपऱ्यावरची डीपी गुणगुणते ना, तेही मुख्यतः याच कारणानं. तिथे वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण १०० हर्ट्झची, आवर्तनाला दोनदा.

तुम्ही विचाराल, काही लाख वेळा म्हणजे कानाच्या पलीकडे, मग ऐकू कसं येतं? हा प्रश्न चांगला आहे. चिपचं काम सारखं नसतं. एक चित्र काढलं, दम घेतला, पुढचं चित्र काढलं. सेकंदाला शेकडो, कधी हजारो चित्रं. त्या लयीत करंटची मागणी वरखाली होते आणि ती लय कानाच्या टप्प्यात येते. काही वेळा कॉइल नसून छोटे सिरॅमिक कपॅसिटर असतात. ते विजेनं आकुंचन-प्रसरण पावतात आणि खालचा बोर्ड तबल्याच्या पुडीसारखा वाजतो. डोंबिवलीकरांना हा प्रकार नवा नाही खरं तर. २००७ पासून आलेल्या पांढऱ्या-जांभळ्या लोकल फलाटावरून सुटताना जो चढत जाणारा सूर काढतात, तो याच कुळातला. तिथेही मोटरला वीज तुकड्यातुकड्यांनी दिली जाते.

मग आम्ही दोघं शोधाला बसलो. कान तिचे, तर्क माझा.

आधी स्पीकरची पिन काढली. आवाज तसाच. हे पहिलं करायचं, कारण स्पीकरमधून येणारी गुणगुण हा वेगळा रोग. जुन्या इमारतींत अर्थिंगच नसतं, नाहीतर कोणीतरी प्लगची तिसरी पिन मोडून ठेवलेली असते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आवाजाचं सोडा, आधी वायरमनला बोलवा. मग पंखे. आत पेन्सिल घालून पंखा अडवायचा नाही. सॉफ्टवेअरमधून वेग वाढवला. घरघर बदलली, शिट्टी नाही. हार्ड डिस्क नव्हतीच. मशीन नीट बंद करून यूपीएस काढला आणि थेट भिंतीच्या सॉकेटला जोडून पाहिलं, कारण स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना पायऱ्यापायऱ्यांची वीज देतो आणि त्यावर काही पॉवर सप्लाय कुरकुरतात. फरक नाही.

मग तिनं पडद्यावरचं त्रिमित दृश्य माउसनं फिरवलं. सूर बदलला! चित्रांची संख्या सेकंदाला ६० वर बांधली, सूर खाली आला आणि मंदावला. मिलच्या १८४३ च्या तर्कग्रंथात सहपरिवर्तनाची पद्धत आहे, ती हीच. एक बदललं की दुसरं बदलतं, तेव्हा दोघांचा कार्यकारण संबंध असणार. मी लगेच म्हटलं, ग्राफिक्स कार्डच. नात म्हणाली, "आजोबा, कार्डाला करंट पॉवर सप्लायच देतो. कार्डाची मागणी बदलली की त्याचीही बदलणार." बरोबर होतं तिचं. दोन्ही एकत्र बदलत असतील तर सहपरिवर्तन त्यांच्यात निवड करू शकत नाही.

तिथे अन्वय-व्यतिरेक लागतो. तिचा मित्र कल्याणहून आपला पॉवर सप्लाय आणि कार्ड घेऊन आला. पॉवर सप्लाय बदलला, आवाज राहिला. मूळचा पॉवर सप्लाय परत लावून कार्ड बदललं, आवाज गेला. शेवटी वर्तमानपत्राची सुरळी करून तिनं कानाला लावली आणि कार्डावरची जागाही सापडली. (एक सांगून ठेवतो, दुसऱ्या पॉवर सप्लायच्या सुट्या केबल आपल्याला लावू नका, पिनांची रचना वेगळी असते, मशीन जळेल. आणि पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही. आत ३२५ व्होल्टच्या वर भरलेला कपॅसिटर असतो, प्लग काढल्यावरही.)

कार्ड बदलून मिळालं का? नाही. दुकानाची मुदत पंधरा दिवसांची होती आणि ती माझ्या 'मनाचे खेळ'मध्ये संपली होती. बरेच उत्पादकही याला दोष मानत नाहीत. कार्ड चालतं, तर झालं. त्यामुळे उरले ते घरगुती उपाय. चित्रसंख्या ६० वर बांधली, यानं निम्मं काम झालं. कार्डाचं व्होल्टेज आणि वीजमर्यादा थोडी उतरवली. रेंडरला किंचित वेळ जास्त लागतो, पण सूर मऊ झाला. व्होल्टेज थोडं थोडं उतरवायचं आणि दरवेळी तासभर काम करून बघायचं, नाहीतर मशीन मध्येच बंद पडतं. कार्डाला एकाच केबलची दोन तोंडं लावली होती, तिथे दोन वेगळ्या केबल लावल्या. आमच्याकडे त्यानं काही फरक पडला नाही. कॅबिनेट प्लायवूडच्या टेबलावर होतं, ते टेबल पेटीसारखं घुमत होतं. खाली जमिनीवर फोमच्या तुकड्यांवर ठेवलं. कॉइलवर गोंद ओतणारे शूर लोकही असतात. वॉरंटी जाते, उष्णता अडकते, आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

रेंडरच्या वेळी अजून थोडं येतं म्हणते. पण झोपते आपल्या खोलीत.

प्रश्न घेऊ या. मागून विचारलंय, या आवाजानं मशीन लवकर खराब होतं का? नाही, त्रास माणसाला होतो. पण जळका वास, तडतड, मशीन आपोआप बंद पडणं असं काही असेल तर ते कॉइल व्हाइन नव्हे, लगेच बंद करून दाखवून घ्या. दुसरा प्रश्न, कालांतरानं आपोआप कमी होतो का? कोणाचा होतो, कोणाचा वाढतो, भरवसा नाही. माझ्या वयाला आलात की ऐकू येणार नाही, एवढं मात्र सांगतो.