क्यूजीआयएसच्या स्वतंत्र स्क्रिप्टांसाठीं एडिटरची मांडणी

शेताचा नकाशा संगणकावर काढण्याचें काम आमच्या मंडळींस आतां नवीन राहिलेलें नाहीं. मोबाइल हातांत धरून बांधाबांधानें एक फेरी मारावी, त्या फेरीची रेषा फाइलींत उतरवून घ्यावी आणि ती क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्यें उघडावी, इतकें पुष्कळ सभासदांस येतें. हा प्रोग्रॅम गॅरी शर्मन यांनीं २००२ सालीं अलास्कांत करावयास घेतला. तो विनामूल्य मिळतो व त्यास पायथन भाषेंत लिहिलेल्या आज्ञा समजतात. तथापि ज्या तरुण सभासदांनीं अशा आज्ञा लिहिण्यास आरंभ केला, त्यांच्याकडून हल्लीं एकच प्रश्न वारंवार येतो. क्यूजीआयएसच्या आंतील कन्सोलमध्यें सुरळीत चालणारी स्क्रिप्ट बाहेर एडिटरमध्यें नेली कीं पहिल्याच ओळीस अडखळते, व ‘क्यूजीआयएस नांवाचें मॉड्यूल सांपडत नाहीं’ असें सांगून थांबते. याचें कारण काय व उपाय काय, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम ही स्क्रिप्ट बाहेर नेण्याची गरजच काय, असें कोणी विचारील. एकाच शेताचें काम असेल तर खरोखरच गरज नाहीं; कन्सोल पुरेसा आहे. परंतु उपसा सिंचनाच्या एका योजनेवरील सर्व सभासदांचीं शेतें दर हंगामास मोजावयाचीं, प्रत्येकाचे गुंठे काढावयाचे व त्यावरून पाण्याची पाळी आणि विजेच्या खर्चाचा वांटा ठरवावयाचा, असें काम असेल तर नकाशाची खिडकी उघडून एकेक फाइल ओढीत बसणें परवडत नाहीं. क्यूजीआयएसची खिडकी न उघडतां त्याचेंच यंत्र आंतून चालवून यादी काढणारी जी स्क्रिप्ट, ती स्वतंत्र स्क्रिप्ट होय. ती लिहिण्यास चांगला एडिटर हवा, कारण त्यांत कोणत्याही ओळीवर खूण करून स्क्रिप्ट तेथेंच थांबवितां येते आणि त्या क्षणीं कोणत्या नांवाखालीं कोणता आंकडा आहे हें डोळ्यांनीं पाहतां येतें. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं प्रथम बाहेर काढलेला व्हीएस कोड हा एडिटर आम्ही वापरतों. पुढील मजकूर त्यास व विंडोजच्या संगणकास अनुसरून आहे.

आतां अडखळण्याचें कारण. विंडोजवर क्यूजीआयएस बसवितांना त्याच्याबरोबर त्याचें स्वतःचें पायथनही येतें व तें त्याच्याच फोल्डरांत राहतें. संगणकावर आपण निराळें पायथन बसविलेलें असेल, तर एडिटर साहजिकच तें उचलतो. त्या पायथनला क्यूजीआयएसचा पत्ता ठाऊक नसतो. शेजाऱ्याच्या विहिरीवर इंजिन चालू करून आपल्या पाटांत पाणी कां येत नाहीं, असें विचारण्यापैकींच हा प्रकार आहे. येथें दोष स्क्रिप्टेंत नसतो, ही गोष्ट आरंभींच मनांत पक्की धरावी, म्हणजे बरोबर असलेल्या ओळी खोडून पुन्हां लिहिण्याचा त्रास वांचेल.

या ठिकाणीं बहुतेक नवशिके दोन आडवाटांस लागतात. पहिली वाट पिपची. पायथनचीं इतर साधनें पिपनें बसवितां येतात, म्हणून क्यूजीआयएसही तसेंच बसेल असें वाटतें. परंतु तें तसें मिळत नाहीं. दुसरी वाट अधिक फसवी आहे. क्यूजीआयएसच्या पायथन-फोल्डराचा पत्ता निराळ्या पायथनला देऊन टाकावयाचा, ही ती वाट. मग ‘मॉड्यूल सांपडत नाहीं’ ही तक्रार जाते व तिच्या जागीं ‘डीएलएल चढविण्यांत अपयश’ अशी नवी तक्रार उभी राहते. याचें कारण असें कीं, क्यूजीआयएसचा गाभा पायथनमध्यें नसून सी प्लस प्लस भाषेंत आहे. त्या गाभ्याचे तुकडे अनेक फोल्डरांत विखुरलेले असतात, व ते ज्या आवृत्तीच्या पायथनसाठीं घडविले त्याच आवृत्तीशीं जुळतात. एक पत्ता देऊन भागत नाहीं. सगळी मांडणी एकदम द्यावी लागते.

सुदैवानें ही मांडणी क्यूजीआयएसवाल्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे. क्यूजीआयएस ज्या फोल्डरांत बसविलें असेल त्यांत ‘बिन’ नांवाचा फोल्डर असतो, व त्यांत ‘पायथन-क्यूजीआयएस’ या नांवाची एक बॅच फाइल असते. दीर्घ मुदतीची आवृत्ति घेतली असल्यास नांवाच्या शेवटीं ‘एलटीआर’ हीं अक्षरें असतात. ती नोटपॅडमध्यें उघडून पाहावी. दहा-पंधरा ओळींपलीकडे तींत कांहीं नाहीं. गाभ्याच्या तुकड्यांचे फोल्डर शोधण्याच्या मार्गांत घालणें, क्यूजीआयएसच्या पायथन-फोल्डराचा पत्ता देणें, मूळ ठिकाण कोणतें तें सांगणें, हीं कामें ती क्रमानें करते आणि शेवटच्या ओळींत पायथनला हांक मारते. आपण इतकेंच करावयाचें कीं, या फाइलीची नक्कल करून शेवटच्या ओळींत पायथनऐवजीं व्हीएस कोडला हांक मारावयाची. म्हणजे एडिटर त्या मांडणीच्या आंतच जन्मास येतो, आणि त्यांतून चालविलेल्या प्रत्येक स्क्रिप्टेस ती वारसाहक्कानें मिळते.

नक्कल करतांना तीन खांचखळगे आहेत. एक, मूळ फाइल आपल्या शेजारच्याच दुसऱ्या एका बॅच फाइलीस बोलावते. म्हणून नक्कल त्याच ‘बिन’ फोल्डरांत ठेवावी, अथवा दुसरीकडे ठेवल्यास त्या ओळींत पूर्ण पत्ता लिहावा. दोन, शेवटची ओळ ‘स्टार्ट’ या आज्ञेनें लिहावयाची असल्यास तिच्यापुढें प्रथम रिकामीं अवतरणचिन्हें घालावीं व नंतर एडिटरचा पत्ता अवतरणांत द्यावा. रिकामीं चिन्हें गाळलीं तर विंडोज एडिटरच्या पत्त्यासच खिडकीचें नांव समजतें व एडिटर उघडतच नाहीं. या एका चुकीपायीं आमची एक संपूर्ण संध्याकाळ खर्ची पडली होती. तीन, ही फाइल चालविण्यापूर्वीं व्हीएस कोडच्या उघड्या खिडक्या सर्व बंद कराव्या; नाहींतर आधींपासून चालू असलेल्या एडिटरासच नवी खिडकी जोडली जाऊन जुनी मांडणी कायम राहण्याचा संभव असतो.

एडिटर उघडल्यावर त्यांत पायथनचें एक्स्टेंशन बसवावें. मग कंट्रोल, शिफ्ट व पी या कळा एकदम दाबून ‘पायथन : सिलेक्ट इंटरप्रिटर’ ही आज्ञा निवडावी, आणि क्यूजीआयएसच्या फोल्डरांतील ‘ॲप्स’, त्यांतील ‘पायथन’ व पुढें आंकडा असलेला फोल्डर, व त्यांतील पायथन, असा पत्ता द्यावा. इतकें करूनही क्यूजीआयएसच्या नांवाखालीं पिंवळी वांकडी रेघ दिसत राहिली तर घाबरूं नये. ती एडिटरच्या वाचकाची तक्रार असते, चालविणाऱ्या पायथनची नव्हे. सेटिंगमध्यें ‘एक्स्ट्रा पाथ्स’ म्हणून जागा आहे, तेथें ‘ॲप्स’मधील क्यूजीआयएसच्या पायथन-फोल्डराचा पत्ता दिला म्हणजे बहुधा ती रेघ जाते. उलट, केवळ हा पत्ता दिल्यानें स्क्रिप्ट चालूं लागेल अशी आशा मात्र धरूं नये. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

स्क्रिप्टेच्या आरंभीं क्यूजीआयएसचें यंत्र सुरूं करावें लागतें. कन्सोलमध्यें तें आधींच सुरूं असल्यानें ही गोष्ट कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. प्रथम मूळ ठिकाण सांगावें, नंतर ‘क्यूजीएस ॲप्लिकेशन’ हें खिडकीवांचून निर्माण करावें, व मग ‘इनिट क्यूजीआयएस’ ही हांक द्यावी. काम संपल्यावर ‘एक्झिट क्यूजीआयएस’ म्हणावें. परंतु त्यापूर्वीं उघडलेले थर सोडून द्यावे, नाहींतर शेवटच्या क्षणीं प्रोग्रॅम कोसळतो. प्रोसेसिंगचीं तयार साधनें वापरावयाचीं असल्यास पायथन-फोल्डरांतील ‘प्लगिन्स’ या फोल्डराचाही पत्ता जोडावा. पत्ते लिहितांना विंडोजची उलटी तिरकी रेघ टाळून सरळ तिरकी रेघ वापरावी. उलट्या रेघेपुढें एन किंवा टी हें अक्षर आल्यास पायथन त्याचा भलताच अर्थ करतें.

येथपर्यंतच्या चुका आरडाओरड करणाऱ्या आहेत. त्या आपण होऊन सांपडतात. ज्या चुकीनें आम्हांस खरोखर खालीं पाहावयास लावलें, ती मुकी होती. पाण्याच्या पाळीची यादी प्रथमच स्वतंत्र स्क्रिप्टेनें काढिली व फलकावर लाविली. दुसऱ्या दिवशीं एक वृद्ध सभासद आले व म्हणाले, “अहो, माझें पावणेदोन एकर रान तुमच्या कागदावर शून्य कसें झालें?” पाहतों तों त्यांच्या नांवापुढें शून्य गुंठे, आणि म्हणून पाळीही शून्य. त्यांच्या फाइलीच्या नांवांत एक अक्षर निराळें पडलें होतें. क्यूजीआयएसची रीत अशी आहे कीं, फाइल सांपडली नाहीं तरी थर निर्माण होतो. तो केवळ ‘अवैध’ असतो. त्यांतील आकृति मागाव्या तर एकही येत नाहीं, व बेरीज विचारावी तर शून्य येतें. तक्रार म्हणून कांहींच नाहीं. सर्वच शेतें शून्य आलीं असतीं तर चूक जागच्या जागीं पकडली जाती. अनेक खऱ्या आंकड्यांत एक खोटें शून्य सहज खपून जातें.

याचा एडिटरशीं संबंध असा. व्हीएस कोडमधून चालविलेली स्क्रिप्ट अर्धवट पत्ते शोधतांना सामान्यतः एडिटरमध्यें उघडलेला फोल्डर धरते, स्क्रिप्ट ज्या फोल्डरांत असेल तो नव्हे. म्हणून पत्ता नेहमीं पूर्ण द्यावा किंवा स्क्रिप्टेच्या स्वतःच्या ठिकाणापासून मोजावा. आणि प्रत्येक थर उघडल्याबरोबर ‘इज व्हॅलिड’ ही विचारणा करून उत्तर नकारार्थी येतांच स्क्रिप्ट तेथेंच थांबवावी, यादी पुरी होऊं देऊं नये. ही एक ओळ आमच्या मतें सर्व मांडणीहून अधिक मोलाची आहे.

शून्य येण्याचा दुसराही एक मार्ग आहे. मोबाइलवरील रेषा अक्षांश-रेखांशांच्या अंशांत असते. तिचें क्षेत्रफळ सरळ विचारलें तर उत्तर चौरस अंशांत मिळतें. आपल्याकडील अक्षांशांवर एक एकर म्हणजे एका चौरस अंशाच्या कोटी भागांपैकीं सुमारें साडेतीन भाग. दोन दशांश स्थळें ठेवलीं कीं शून्यच. यास्तव आकृति आधीं मीटरांच्या पद्धतींत उतरवावी. रेखांश ७२ ते ७८ या पट्ट्यांतील महाराष्ट्रास यूटीएमचा ४३ उत्तर हा विभाग लागतो, म्हणजे ईपीएसजी क्रमांक ३२६४३. नागपूर व त्याच्या पूर्वेकडील मुलखास ४४ उत्तर, म्हणजे ३२६४४. चौरस मीटरांस १०१.१७ नें भागिलें म्हणजे गुंठे मिळतात. या पद्धतीनें येणारा फरक एकरामागें गुंठ्याच्या दशांशाहूनही कमी असतो. मोबाइलच्या फेरींतील चूक त्याहून पुष्कळच मोठी असूं शकते. म्हणून हे गुंठे आपसांतील वांटणीपुरतेच मानावे. हद्दीच्या तंट्यांत भूमि अभिलेख खात्याची मोजणीच चालते.

लिनक्स वापरणाऱ्यांस वरील बहुतेक खटाटोप नको. उबुंटूसारख्या ठिकाणीं क्यूजीआयएस व्यवस्थेचेंच पायथन वापरतें, त्यामुळें एडिटरमध्यें तेंच निवडलें कीं झालें. निराळें आभासी वातावरण करावयाचें असल्यास व्यवस्थेचीं पॅकेजें त्यांत दिसतील अशी सवलत मागून घ्यावी.

क्यूजीआयएसची नवी आवृत्ति बसविली कीं विंडोजवरील पायथनच्या फोल्डरापुढील आंकडा केव्हां केव्हां बदलतो. मागें जेथें ३९ होतें तेथें पुढें ३१२ आलें, आणि एडिटरास दिलेला पत्ता रिकाम्या जागेकडे बोट दाखवूं लागला. यासाठीं पाळीची यादी लावण्याच्या आठवड्यांत आवृत्ति बदलूं नये. बदलल्यावर प्रथम आपल्या बॅच फाइलींतील पत्ते व एडिटरमधील इंटरप्रिटर हीं दोन्हीं तपासावीं, आणि ज्या शेताचे गुंठे आपणांस पक्के ठाऊक आहेत अशा एका शेतावर स्क्रिप्ट चालवून पाहावी. आम्ही आतां त्या वृद्ध सभासदांचेंच शेत त्यासाठीं ठेविलें आहे. सत्तर गुंठ्यांच्या जवळपास आंकडा आला तरच पुढची यादी काढतों.