जहाजाचे तिकीट काढण्यापूर्वी…

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या भिशीत एका मैत्रिणीने वर्तमानपत्रातली पानभर जाहिरात सर्वांपुढे पसरली. पांढरेशुभ्र जहाज, निळा समुद्र, आणि ठळक अक्षरांत ‘माणशी फक्त’ म्हणून आकडा! “अगं, जेवणखाण, नाटकं, पोहण्याचा तलाव, सगळं यातच! हॉटेलपेक्षा स्वस्त की!” ती म्हणाली. मी हळूच विचारले, “यात काय काय धरलेलं नाही, ते कुठे लिहिलंय?” आम्ही भिंग घेऊन बसलो, तेव्हा तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत चार ओळी सापडल्या.

मैत्रिणींनो, हा शहाणपणा मला आपोआप सुचलेला नाही. तो पैसे मोजून मिळालेला आहे.

मी दुपारच्या शाळेत तासावर शिकवते. तीन वर्षे त्या पगारातून जरा जरा बाजूला टाकले आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजावर गेलो. हे, मी, दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. चार रात्री, वाटेत पेनांग आणि फुकेट, आणि परत सिंगापूर. हौस मुख्यतः सासूबाईंची. त्यांचे माहेर मालवणचे. लहानपणी त्या वडिलांबरोबर आगबोटीने मुंबईला येत. मालवणला पडावातून बोटीवर चढायचे आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचे! “एकदा पुन्हा बोटीत बसायचंय गं,” असे त्या कितीदा तरी म्हणत.

जाहिरातीतला आकडा कोणाचा?

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. जाहिरातीतले ‘माणशी’ भाडे हे एका खोलीत दोघे धरून सांगितलेले असते, आणि तेही बहुधा सर्वांत स्वस्त खोलीचे. खोल्यांचे ढोबळ चार प्रकार: बिनखिडकीची आतली खोली, बंद खिडकीची खोली, स्वतंत्र गॅलरीची खोली आणि त्यावर मोठा सूट. जेवणाचे मुख्य दालन, नाट्यगृह, पोहण्याचा तलाव हे आतल्या खोलीतल्यांनाही तेवढेच खुले असते. दिवसभर खोलीत बसायचे नसेल तर खिडकीसाठी जास्त पैसे का मोजायचे? आम्ही आतलीच घेतली.

त्याच खोलीत तिसरे-चौथे माणूस असेल तर त्यांना बहुतेक कंपन्या कमी भाडे लावतात. भिंतीतून वर उघडणारे पलंग असतात, त्यावर मुले खूश. पण उलट बाजू अशी की एकटीने जायचे असेल तर खोलीचे भाडे जवळजवळ दोघांचे पडते. माझ्या आतेबहिणीला आमच्याबरोबर यायचे होते. ती एकटी राहते, नोकरी करते, कोणापुढे हात पसरत नाही. एकटीला दुप्पट आकारणी पाहून ती गप्पच झाली. काही जहाजांवर एकट्या प्रवाशासाठी छोट्या खोल्या असतात, पण त्या थोड्या आणि लवकर भरतात. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर दोघींनी मिळून खोली घेण्याचा विचार आधीच करा. आम्हाला तो सुचला तेव्हा उशीर झाला होता.

भाड्यावर बंदराचा आकार आणि कर येतात. त्यावर सेवेची दक्षिणा, जिला जहाजावर ग्रॅच्युइटी म्हणतात. पुष्कळ अमेरिकन कंपन्यांत ती माणशी, दर दिवशी १६ ते २० डॉलरच्या आसपास असते, आणि मुलांचीही धरतात. आता हिशेब करा. चार माणसे, चार रात्री, माणशी १८ डॉलर धरले तरी २८८ डॉलर होतात. रुपयांत पंचवीस हजारांच्या घरात गेले! काही कंपन्या ही रक्कम भाड्यातच धरतात, काही शेवटी मागतात. तिकीट काढताना स्पष्ट विचारा, आणि उत्तर लिहून घ्या.

फुकट काय, विकत काय?

मुख्य दालनातले जेवण आणि बुफे भाड्यात येते. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी पुष्कळ, त्यामुळे शाकाहारी, जैन जेवणाचीही सोय असते. मात्र ती तिकिटाच्या वेळीच नोंदवावी. बुफेतले पाणी, चहा, कॉफी सहसा भाड्यातच. पण बाटलीतले पाणी, सरबते, शीतपेये, खास उपाहारगृहे, वायफाय, केशरचना-मालिश, काठावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये मांडलेल्या बाटल्या पाहुणचार समजू नका!

पेयांचे ‘पॅकेज’ घेताना अट वाचा. मद्याच्या पॅकेजला पुष्कळ कंपन्यांचा नियम असतो की खोलीतल्या एका प्रौढाने घेतले तर सर्व प्रौढांनी घ्यायला हवे. म्हणजे घरात एकानेच ‘घ्यायचे’, आणि पैसे सासूबाईंचेही भरायचे! शिवाय सुट्या पेयाच्या बिलावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क आपोआप चढते.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोलीचे कार्डच दाखवायचे, आणि हिशेब शेवटच्या रात्री. इथेच आमची फसगत झाली. आमच्या कन्येला वाटले, कार्ड दाखवले की सगळे फुकट. रंगीत बर्फाचे सरबत, खेळांची यंत्रे, पुन्हा सरबत! दुसऱ्या दिवशी ह्यांनी सहज खोलीतल्या टीव्हीवर हिशेब पाहिला आणि त्यांचा चहा तसाच गार झाला. स्वागतकक्षात जाऊन मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करता येते. पहिल्या दिवशी चढताच हे काम करा, आणि रोज रात्री हिशेब पाहा. चुकीची नोंद असेल तर ती तिथेच, उतरण्यापूर्वी दुरुस्त होते.

नियम घरीच वाचावेत

काही नियम असे की ते बंदरावर कळले तर उपयोग नाही. प्रवास संपेपर्यंत गरोदरपणाचे चोवीस आठवडे पूर्ण होत असतील तर रॉयल कॅरिबियन, कार्निव्हलसारख्या मोठ्या कंपन्या चढू देत नाहीत, तब्येत कितीही उत्तम असो. दिवस निघण्याच्या तारखेला नाही, परतीच्या तारखेला मोजायचे, बरं का! तान्हे बाळ साधारणपणे निदान सहा महिन्यांचे हवे, आणि लांबच्या सागरी सफरींना एक वर्षाचे.

पारपत्राची मुदत प्रवासानंतर सहा महिने शिल्लक हवी. आणि व्हिसा? आपण सिंगापुरातून निघून पुन्हा सिंगापुरातच शिरणार, म्हणून एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियमही पाहावा, आपण तिथे उतरणार नसलो तरी.

सामानात इस्त्री, किटली, तारेचा एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ देत नाहीत. कारण उघड आहे: भर समुद्रात आगीइतके भय कशाचेच नाही. म्हणूनच मेणबत्ती, निरांजन, उदबत्तीलाही बंदी. सासूबाईंनी पिशवीतून उदबत्तीचा पुडा काढून नातेवाइकांकडे ठेवायला दिला आणि जहाजावर नुसते हात जोडले. घरी केलेले पदार्थही पुष्कळ ठिकाणी चालत नाहीत. दुकानातली बंद पाकिटे मात्र बहुधा चालतात.

तिकीट रद्द केल्यास निघण्याचा दिवस जवळ येईल तशी कपात वाढत जाते, आणि अखेरच्या महिन्यात पुष्कळदा काहीच परत मिळत नाही. वादळामुळे जहाजाने एखादे बंदर गाळले तर त्या बंदराचा आकार तेवढा परत येतो, भाडे नाही.

बंदरावर फिरायला उतराल तेव्हा परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाने पाळा. फुकेट सिंगापूरच्या एक तास मागे आहे, आणि हातातला फोन आपणहून स्थानिक वेळ दाखवू लागतो. जहाज थांबत नाही!

आणि सुरक्षेची कवायत टाळू नका. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून कलंडली, ३२ माणसे गेली. त्याच दिवशी चढलेल्या अनेकांची कवायत तेव्हा व्हायची होती. त्यानंतर नियम बदलला आणि जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत सक्तीची झाली. आमच्या सासूबाई तिथे सर्वांत आधी हजर! त्यांच्या वडिलांनी त्यांना ‘रामदास’ बोटीची गोष्ट सांगितलेली. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. “पट्टा कसा बांधायचा ते नीट बघ,” त्या नातीला बजावत होत्या.

सासूबाईंचे दुखणे

आता जे सांगते, त्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला. दुसऱ्या रात्री समुद्र जरा खवळला होता. सासूबाई जेवायला आल्या नाहीत. “भूक नाही, तुम्ही जा,” म्हणाल्या. आम्ही गेलो, नाटकही पाहून आलो. परतले तर न्हाणीघरात ओला टॉवेल पिळून वाळत घातलेला. तेव्हा कळले, संध्याकाळपासून त्यांना तीनदा उलटी झाली होती, आणि सगळे त्यांनी स्वतःच पुसून काढले होते. त्यांना मधुमेह आहे. पोटात अन्न नाही, गोळी मात्र घेतलेली!

“आई, सांगितलं का नाहीत?”

“जेवणाच्या टेबलावर त्या बाई सांगत होत्या, इथला डॉक्टर शंभर डॉलर घेतो म्हणून. तू उन्हातान्हातून शाळेत जाऊन साठवलेले पैसे. ते मी ओकून टाकू?”

मला काही बोलवेना. त्यांचा हात धरून मी सरळ खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी साखर तपासली, ती बरीच उतरली होती. ग्लुकोज दिले, इंजेक्शन दिले. सकाळी त्या उठून बसल्या, पेजेसारखा पातळ भात खाल्ला. बिल शंभर डॉलरच्या वरच झाले. प्रवासविमा होता, पण विमा कंपनी ठरावीक रक्कम कापून उरलेलीच देते, त्यामुळे हाती थोडेच आले. असू दे! रात्रभर आम्ही काही न कळता झोपलो असतो तर?

म्हणून सांगते, जहाजावरचा दवाखाना भाड्यात नसतो, हे घरातल्या थोरांना आधीच सांगा. आणि त्याचे पैसे बाजूला काढून ठेवलेत, हेही सांगा. विमा घेताना मधुमेह, रक्तदाब लपवू नका. बोट लागण्याच्या गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारून बरोबर न्या. पुष्कळ जहाजांवर त्या मागितल्यावर मिळतातही. आणि ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी घ्या. तिथे हेलकावे सर्वांत कमी बसतात, आणि बहुधा भाडेही कमी असते!

सवलती मागाव्या लागतात

नाटके, मुलांचा क्लब हे भाड्यातच असते, पण जागा आधी राखून ठेवावी लागते. कधीकधी तिकिटाबरोबर ‘ऑनबोर्ड क्रेडिट’ मिळते, म्हणजे जहाजावर खर्चायची रक्कम. ती बहुधा तिथेच संपवायची असते, उरली तर गेली. पुन्हा जाण्याचा बेत असेल तर कंपनीचे सभासदत्व फुकट घेऊन ठेवा. रॉयल कॅरिबियनच्या क्राउन अँड अँकर सोसायटीत एका रात्रीला एक गुण मिळतो, सूट घेतला तर जास्त. पण नुसत्या गुणांसाठी दुसरी सफर काढू नका हो!

शेवटच्या पहाटे सासूबाई डेकवर कठड्याला धरून उभ्या होत्या. सिंगापूरचे दिवे दिसू लागले होते. “आमच्या वेळी बोटीत कोंबड्या, फणस, माणसं सगळं एकत्र. पण समुद्र हाच,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून हळूच पुढे बोलल्या, “पुढच्या वेळी निघताना मला आधीच सांगून ठेव गं, डॉक्टरचे पैसे धरलेत म्हणून.”

पुढच्या वेळी! मी घरी आल्याबरोबर एका पाकिटावर ‘डॉक्टर’ असे लिहिले आणि कपाटात, तांदळाच्या हिशेबाच्या वहीत ठेवून दिले. त्यात पहिली पाचशेची नोट या महिन्यातच पडली आहे.