घरचे कंपोस्ट: ओले किती, सुके किती?

वसईच्या वाड्यांतून पूर्वी घरामागे उकिरडा असे. शेण, राख, पालापाचोळा त्यात पडे आणि त्याचे खत वाडीत जात असे. आता गुरे कमी झाली. तरी परसात वा गच्चीवरील पिंपात खत करण्याची हौस पुन्हा दिसू लागली आहे. तिचे आम्ही स्वागतच करतो. मात्र पुष्कळांची तक्रार एकच: थोड्याच दिवसांत दुर्गंधी सुटते, माशा घोंघावतात, शेजारी कुरकुरतात आणि पिंप अडगळीत जाते.

आमच्या मते दोष कचऱ्याचा नसून प्रमाणाचा असतो. भाज्यांचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा यांत पाणी व नत्र भरपूर, तर सुक्या पानांत कर्ब. कुजविणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागास कर्बाचे सुमारे २५ ते ३० भाग लागतात. म्हणून ओल्या कचऱ्याच्या बादलीमागे सुक्या पाल्याच्या निदान दोन बादल्या घालाव्यात. आणि नेमका हाच पाला आपण झाडून पेटवून देतो!

सुक्या पाल्यामुळे ढिगात हवाही खेळते. हवा कोंडली की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. अशा वेळी ढीग उपसून त्यात सुका पाला मिसळावा. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तरी उपाय हाच. याउलट ढीग नुसताच पडून राहिला तर तो कोरडा पडला असे समजावे व पाणी शिंपडावे. मूठभर खत घट्ट दाबले असता एखाददुसरा थेंबच यावा. पावसाळ्यात वर आच्छादन हवेच. मासळीचे अवशेष मात्र पिंपात नकोत.

माड असलेल्यांनी अधिक सावध राहावे. गेंड्या भुंगा कुजणाऱ्या खतातच अंडी घालतो. हा भुंगा माडाचा न उमललेला कोंभ पोखरतो. पुढे त्या झावळ्या उलगडतात तेव्हा कात्रीने कापल्यासारख्या दिसतात. म्हणून ढीग दर पंधरवड्यास परतावा व चंद्रकोरीसारख्या वळलेल्या, जाड, पांढुरक्या अळ्या वेचून नष्ट कराव्यात. कोंबड्या हे काम आनंदाने करतात.

दोन-तीन महिन्यांत खत काळपट व भुसभुशीत होते. परंतु घाई नको. अर्धेकच्चे खत मुळांशी घातल्यास जिवाणू मातीतील नत्र ओढून घेतात व रोपे पिवळी पडतात. शंका असल्यास मूठभर ओलसर खत पिशवीत चार दिवस बंद ठेवावे. उघडताच आंबूस वास आला, तर ढीग आणखी काही आठवडे तसाच राहू द्यावा.