परदेशी दोस्ताला येवला दाखवताना

तुमच्या वर्गात किंवा हॉस्टेलमध्ये परदेशातून शिकायला आलेला एखादा दोस्त आहे का? नेपाळ, अफगाणिस्तान, येमेन, टांझानिया... आपल्याकडच्या कॉलेजांत ही मुलंमुली आता नवी राहिलेली नाहीत. सुट्टी लागली की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, ‘एका दिवसात बघून येण्यासारखं काय आहे?’ आपलं उत्तरही ठरलेलं. वेरूळ, लोणावळा, नाहीतर सरळ मॉल.

या वेळी येवल्याचं नाव घेऊन बघा.

‘तिथे बघायला काय आहे?’ हे आधी तुम्हीच विचाराल. खरं सांगायचं तर गावात समुद्र नाही, हिलस्टेशनची हवा नाही, तिकीट काढून रांगेत उभं राहावं असा राजवाडाही नाही. पण येवल्यात नवखा माणूस अशा दोन गोष्टींबद्दल विचारतो, ज्यांची उत्तरं आपल्याला यायला हवीत आणि बहुतेक वेळा येत नाहीत. म्हणून पाहुण्याला घेऊन निघण्याआधी थोडा गृहपाठ करू या.

पोहोचायचं कसं?

नाशिकहून येवला साधारण ८० किलोमीटर. निफाडच्या द्राक्षबागा मागे पडल्या की रान कोरडं होत जातं आणि बाजाराच्या दिवसांत कांद्याचे ट्रॅक्टर रस्ताभर सोबत करतात. दौंड-मनमाड लोहमार्गावर येवल्याचं स्वतःचं स्टेशनही आहे. पुण्याहून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे नुसती दगदग होईल. आदल्या रात्री नाशकात मुक्काम करा आणि संध्याकाळी पंचवटीतलं काळाराम मंदिर बघून ठेवा. त्याचा येवल्याशी काय संबंध, ते पुढे कळेलच.

पहिला प्रश्न : एवढी महाग का?

गावात शिरल्यापासून पैठणीच्या दुकानांच्या पाट्या दिसायला लागतात. पाहुणा आधी किंमत विचारणार आणि आकडा ऐकून डोळे मोठे करणार. तिथे ‘ट्रॅडिशनल आहे ना’ एवढं सांगून भागवू नका. त्याला सरळ मागापाशी न्या.

पैठणीचं नाव गोदाकाठच्या पैठणचं. पण आज तिचं सगळ्यात मोठं केंद्र म्हणजे येवला. रेशीम येतं प्रामुख्याने बंगळुरूकडून, जर येते सुरतेहून आणि विणकाम होतं इथल्या घराघरात. बऱ्याच घरांत पुढच्या खोलीतच माग असतो. एकीकडे स्वयंपाक, अभ्यास, टीव्ही आणि तिथेच धोट्याची ये-जा.

पदरावरचा मोर नीट बघा. तो छापलेला नसतो आणि नंतर भरलेलाही नसतो. कापड विणता विणताच तो उमटत जातो. प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी कांडी असते. मोराच्या मानेचा निळा जिथे संपतो, तिथे तो धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवायचा आणि मागे फिरवायचा. मग पुढची कांडी. मग त्याच्या पुढची. अशी एक आडवी ओळ पुरी झाली की ती ठोकून बसवायची आणि पुढची ओळ सुरू करायची. कुठला धागा उचलायचा, हे विणणाऱ्याच्या मोजणीत आणि बोटांत असतं. अंगभर साधी वीण असते तिथे काम पटापट सरकतं. पण भरगच्च पदरावर दिवसभर बसूनही काही इंचच कापड पुढे जातं. म्हणूनच एखादी साडी काही आठवड्यांत उतरते, तर एखादीला कित्येक महिने लागतात.

आता पदर उलटा करून दाखवायला सांगा. हातमागावरच्या पैठणीची नक्षी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागच्या बाजूला सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाजारात यंत्रावरची साडीही त्याच नावाने आणि कितीतरी कमी भावात विकली जाते. मागावर बसलेल्या माणसाची खरी स्पर्धा या नकलेशी आहे. त्या घरातली तुमच्या वयाची मुलं हाच धंदा पुढे चालवणार की नोकरी शोधणार, याचा हिशेबही तिथेच होतो. हे एकदा समजलं की किमतीचा प्रश्न पाहुणा पुन्हा विचारत नाही.

एक लक्षात असू द्या. हे म्युझियम नाही, कुणाचं तरी घर आहे. मजुरी बहुधा कामावर ठरते, त्यामुळे तुम्ही खाल्लेला अर्धा तास त्यांच्या कमाईतून जातो. साडी घ्यायची नसेल तर आधीच तसं सांगा. फोटो विचारून काढा. नवी नक्षी असेल तर नको म्हणतील, मग आग्रह करू नका. आणि वडापाव खाल्लेले हात रेशमाला लावू नका!

दुसरा प्रश्न : इथे काय झालं होतं?

दुपारी मुक्तिभूमीवर जा. पाहुणा विचारेल, ‘ही जागा कसली?’ याचं उत्तर मात्र दोन मिनिटांत संपणारं नाही.

सुरुवात तुमच्या दोस्ताला ओळखीच्या वाटणाऱ्या ठिकाणाहून करा. भीमराव आंबेडकर हे स्वतः परदेशात शिकायला गेलेले विद्यार्थी होते. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती दिली होती बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. हे सयाजीरावही मूळचे याच नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. कोलंबियातून आंबेडकर लंडनला गेले आणि शिष्यवृत्ती संपल्यावर १९१७ मध्ये परतले. करारानुसार नोकरी करायला बडोद्याला गेले, तर गावात राहायला कुणी जागा देईना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. जात कळल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः या आठवणीत लिहून ठेवलंय. हा मजकूर आज कोलंबियातले विद्यार्थी वाचतात.

आता कालचं काळाराम मंदिर आठवा. २ मार्च १९३० ला त्याच दारासमोर प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. हजारो लोक आले, तरी दार उघडलं नाही. पाच वर्षं लढा चालला. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्माला येणं आपल्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. मंदिरप्रवेशाचे सत्याग्रह थांबवायचंही तिथेच ठरलं. ज्या दाराशी पाच वर्षं उभं राहिलो, त्या दाराकडे पाठ फिरवायचा तो निर्णय होता. पुढे २१ वर्षं विचार आणि अभ्यास करून १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला.

एवढं ऐकल्यावर पाहुणा बहुतेक पुढचं विचारेल, ‘आणि आता? हे सगळं संपलं का?’ इथे पाठ्यपुस्तकातलं उत्तर देऊ नका. तुमच्या हॉस्टेलमध्ये आडनाव विचारून काय अंदाज बांधले जातात, गावाकडे कोणाची वस्ती कुठे आहे, लग्नाच्या जाहिरातीत काय लिहिलेलं असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. देशाची इमेज सांभाळायच्या नादात ते झाकू नका. तोही त्याच्या देशातलं असंच काहीतरी सांगेल. खरी ओळख अशाच गप्पांतून होते.

वेळ उरला तर

१८५७ च्या लढ्यातले तात्या टोपे जन्माने येवल्याचे. रामचंद्र पांडुरंग येवलेकर या त्यांच्या नावातच गाव आहे. ट्रेकची हौस असेल तर तालुक्यातले अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले आणि तिथली जैन लेणी आहेतच. पण त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. सगळं एका दिवसात कोंबलंत, तर हाती फक्त फोटो लागतील.

जायचं कधी?

गर्दीतलं येवला बघायचं असेल तर संक्रांतीला जा. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. हातात आसारी, खाली हलकडीचा ताल आणि वर पतंगांची काटाकाटी. नायलॉन मांजा मात्र हातात धरू नका. त्यावर बंदी आहे आणि त्याने पक्ष्यांसोबत माणसांचेही गळे कापलेत. १३ ऑक्टोबरला गेलात तर मुक्तिभूमीवर दूरदूरहून आलेली माणसं भेटतील. त्यांच्याशी बोला, तुमच्यापेक्षा ती नेमकं सांगतील.

आणि परदेशी दोस्त नसेल तर? मग काय, स्वतःच पाहुणे व्हा. बॅग उचला आणि येवल्याची एसटी धरा. दोन्ही प्रश्न मात्र सोबत न्या.