आधी घास, मग सुई

स्वयंपाकघराच्या फरशीवर चार बश्या मांडल्यात आणि मन्या चारही बश्यांकडं पाठ करून बसलाय. एकीत उकडलेलं चिकन, मीठ-कांदा-लसूण न घालता कुस्करलेलं. दुसरीत अंड्याचा बलक, तिसरीत पाकिटातलं ओलं कॅटफूड, चौथीत धुऊन वाफवलेली सुकट. घड्याळात पावणेसात. सातला इन्सुलिन द्यायचंय.

"खा की रे बाळा, एक घास तरी," आत्या पाटावर बसून विनवतेय.

बाहेर हंगाम सुरू आहे. हिरण्यकेशी कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जातो. मन्या एक कान तेवढा वळवतो.

याच कानाच्या कडेला वहिनी आता बारीक सुई टोचते. रक्ताचा थेंब आत्याच्याच ग्लुकोमीटरच्या पट्टीला लावते. आकडा येतो : ३१८. माणसांचं हे यंत्र मांजराची साखर थोडी कमीच दाखवतं, असं बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलंय. वहिनी आकडा वहीत मांडते. दवाखान्यात साखर भरमसाट निघाली, तेव्हा डॉक्टरांनी लगेच मधुमेहाचं निदान केलं नव्हतं, कारण घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनंही चढते. मागच्या दोनेक आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामीनची तपासणी आली, मग खात्री पटली.

तशा खुणा घरात होत्याच. मन्या मोरीतल्या बादलीला तोंड लावून घटाघटा पाणी पीत होता. त्याच्या मुताच्या जागी मुंग्यांची रांग लागत होती. गलेलठ्ठ बोका पाठीच्या कण्याची हाडं मोजावीत इतका उतरला. अजूनही तो मागचे पाय टाचेपर्यंत फरशीला टेकवत चालतो. साखरेनं नसा दुखावल्या की असं होतं.

"दूधभातानं घात केला म्हणायचा," आत्या म्हणते.

"एकट्या भातानं न्हवं, आत्या. वय झालं, वजन वाढलं, सगळं मिळून," वहिनी समजूत घालते. "पण आता भात, चपाती बंद. मांसावरच जगायचं जनावर हाय ते."

आत्याला स्वतःला कित्येक वर्षं शुगर आहे. शुगर म्हणजे काय करायचं ते या घराला पाठ आहे : गोड लपवायचं, भात मोजायचा, लग्नाच्या पंगतीत जिलेबीवर हात आडवा धरायचा. मन्याचं पथ्य मात्र उलटं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते. त्यात मधुमेह असला तर रक्तात कीटोन वाढतात, मळमळतं, आणि मळमळीनं उरलीसुरली भूक जाते. उपाशीपोटी इन्सुलिन दिलं तर साखर एकदम खाली येऊन झटके येऊ शकतात. म्हणून ओट्यावर मधाची बाटली ठेवलीय. वेळ आली तर हिरड्यांना चोळायला. मळमळीची गोळी दुपारीच दिलीय.

सात वाजतात. बश्या तशाच. वहिनी फोन लावते. डॉक्टर विचारतात, उलटी झाली का, मलूल पडलाय का, पाणी पितोय का. मग सांगतात : अर्धा तास थांबा, अन्न कोमट करून पुन्हा द्या, त्यानंतर कळवा. सुई थोडी उशिरा गेली तर चालेल. डोस मात्र आपल्या मनानं बदलायचा नाही.

वहिनी चिकनची बशी गरम पाण्यात धरते. वास सुटतो. मांजर चवीआधी वासावर ठरवतं. आत्या बोटाच्या टोकावर चिमूटभर चिकन घेऊन त्याच्या नाकापुढं धरते. मन्या हुंगतो. मान फिरवतो. पुन्हा हुंगतो. मग खरखरीत जीभ आत्याच्या बोटावरून फिरते.

"खाल्लं गं!"

"ओरडू नगा, पळंल."

दुसरं बोट, तिसरं. मग तो स्वतःच बशीत तोंड घालतो. निम्म्याहून जास्त संपवतो. पुन्हा फोन, डॉक्टर "द्या" म्हणतात.

फ्रिजच्या कप्प्यात दोन डबे आहेत. आत्याच्या डब्यात चाळीस युनिटची कुपी आणि लाल टोपणाच्या सिरिंजा, मन्याच्या डब्यात शंभर युनिटचं ग्लार्जिन आणि केशरी टोपणाच्या. लाल सिरिंजनं मन्याचं औषध एका रेघेपर्यंत ओढलं तर एकाच्या जागी अडीच युनिटं जातील. म्हणून वहिनी टोपणाचा रंग मोठ्यानं म्हणते, "केशरी." आत्या मान हलवते, "केशरी." एक युनिट भरलं जातं. मन्या बशी चाटतोय तोवर वहिनी खांद्यामागची कातडी चिमटीत उचलून सुई देते. त्याला पत्ताही लागत नाही.

वहीत वेळ पडते : ७.४०. पुढचा डोस बारा तासांनी.

"आत्या, आता तुमची पाळी," म्हणत वहिनी लाल टोपण काढते.

आत्या पदर सावरून दंड पुढं करते. "टोच बाई. पण माझ्यामागं बशी घेऊन कुणी फिरत न्हाई, ते बी लिही वहीत."